खोळकाकूंचं अस्वल

खोळकाकूंच्या घरात खोळ नसलेली एक वस्तू शोधून दाखवाच! सोफ्याला खोळ, गाद्यांना खोळ, मिक्सरला खोळ, छत्रीला खोळ. टीव्हीच्या रिमोटला कापडी खोळ, आणि ती मळू नये म्हणून तिच्यावर प्लास्टिकची. त्यांचे मिस्टर, ज्यांना सगळी गल्ली नुसतं काका म्हणते, आल्यागेल्याला सांगायचे, “मी या घरात एका जागी फार वेळ बसत नाही बुवा. बसलो की ही टेप घेऊन येते.”

काकूंचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. लग्न होऊन आल्या, शेजारणीच्या सोफ्याला एक खोळ शिवून दिली, आणि तेव्हापासून त्यांचा हात काही थांबला नाही. रस्त्याकडच्या खोलीत मोठं मशीन, कापायचं लांबलचक टेबल, कोपऱ्यात चिंध्यांचा डोंगर आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेली कात्री. त्या कात्रीने कापडाऐवजी कागद कापला तर कापणाऱ्याची खैर नाही. काकूंच्या मुलाने लहानपणी एकदा त्याच कात्रीने वहीचं कव्हर कापलं होतं. आता तो चांगला थोराड बाप्या झालाय, मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, तरी त्या भिंतीजवळून जाताना अजून हात खिशात घालतो.

मापं घ्यायला काकू घरोघर जायच्या. त्यामुळे गल्लीतल्या लोकांची सगळी गुपितं त्यांना बसल्या जागेवरून कळायची, म्हणजे लोकांच्या बसायच्या जागेवरून. “वजन उतरवलं म्हणतात ना समोरचे? उजव्या कोपऱ्यातल्या स्प्रिंगांना विचारा,” असं त्या अगदी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या. तोंड फटकळ, पण काम चोख. त्यांचे दोन नियम होते. खोळ कशावर तरी चढते, तेव्हा त्या ‘कशावर तरी’ला टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावायची नाही, हा पहिला. आणि खोळ धुवायला निघाली पाहिजे, तेव्हा चेन लावल्याशिवाय ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची नाही, हा दुसरा. देताना प्रात्यक्षिक ठरलेलं. “हे बघा, चेन अशी धरायची, सर्रकन ओढायची, अशी निघाली खोळ!” चेन ओढताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं ते बघायला लोक मुद्दाम थांबायचे.

तर अशा या काकूंच्या घरात एक दिवस गोटी आली.

मुलाने बरीच वर्षं लग्नाचं नाव घेतलं नव्हतं. मग चष्मा बदलायला गेला आणि चष्म्याच्या दुकानातल्या बाईंशी लग्न ठरवून आला. बाईंना पहिल्या लग्नाची एक मुलगी होती, नुकतीच शाळेत जायला लागलेली, गोल, गोरटेली, टपोऱ्या डोळ्यांची. म्हणून गोटी. काकूंना तर हर्ष झाला. सून आली ती नात घेऊनच आली! “आमचं सगळं कसं, एकदम तयार मापात,” त्या गल्लीभर सांगत सुटल्या.

पण नात घरात आली आणि दारातच बसली. आपल्या निळ्या फुगीर बॅगेवर.

बॅगेवर बसूनच जेवली. बॅगेवर बसूनच टीव्ही पाहिला. रात्री पलंगाशेजारी बॅग ओढून आणली आणि तिच्या बंदात हात अडकवून झोपली. सूनबाईंनी बॅगेतले कपडे कपाटात लावायला घेतले, तर पोरीने घर डोक्यावर घेतलं. शेवटी रोज सकाळी बॅगेतून फ्रॉक काढायचा आणि धुतला की परत बॅगेत भरायचा, असं सुरू झालं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. गोटी बॅगेवरून हलेना.

काकूंनी एका दुपारी तिच्यासमोर फतकल मारली. “काय गं, एवढा सोफा आहे, खुर्च्या आहेत. बॅग टोचत नाही?”

“टोचते,” गोटी म्हणाली.

“मग?”

“परत जायचं असलं की शोधाशोध होते. मागे माझी बाहुली राहिली तशीच.”

“कुठे जायचंय तुला?”

“मला नाही माहीत. आई सांगते तेव्हा जायचं असतं.” गोटीने हे अगदी साधेपणाने सांगितलं. मामाचं घर, मग भाड्याची खोली, मग आईच्या मैत्रिणीकडे. एवढ्याशा वयात पोरीने घरं बदलण्याशिवाय केलं काय होतं? आत जाऊन काकूंनी डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि काकांना बजावलं, “ही पोरगी त्या बॅगेवरून उठली नाही, तर नावाची खोळकाकू नाही मी.”

झालं, काकू हट्टाला पेटल्या. पहिल्यांदा छोटी खुर्ची आणली, तिला फुलाफुलांची खोळ घातली. गोटी म्हणाली, “नको.” मग गुबगुबीत उशी. “नको.” मग वेताचा बुटका मोडा. तोही नको. काकूंच्या नाकी नऊ आले. शेवटी त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “मग तूच सांग बाई, तू कशावर बसशील?”

गोटीने विचार केला. या घरात काय नाही, याचा अंदाज घेतला असावा. “अस्वलावर,” ती म्हणाली. “अस्वल असेल तर बसेन.”

तिला वाटलं, मिटला विषय. पण समोर कोण उभं आहे याचा पोरीला पत्ता नव्हता!

“बसशील? शब्द?”

“शब्द,” गोटी म्हणाली, आणि जरा घाबरलीच.

काकू तरातरा रस्त्याकडच्या खोलीत गेल्या. एका जुन्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांना खोळी शिवल्या होत्या, त्यातलं लालभडक मखमली कापड उरलं होतं. ते टेबलावर पसरलं, खडू घेतला, टेप गळ्यात टाकली. आणि अडल्या. माप कुणाचं घ्यायचं? जन्मभर कुणाच्या ना कुणाच्या तरी अंगावर चढेल अशीच वस्तू शिवलेली. आत काहीच नाही आणि नुसतं वरचं शिवायचं, हे त्यांच्या डोक्यात शिरेना.

“अंदाजाने काप ना,” काका वर्तमानपत्रातून म्हणाले.

“अंदाजाने?” काकू इतक्या जोरात ओरडल्या, की समोरच्या दुकानदाराने मान बाहेर काढली. मग त्यांची नजर काकांवर स्थिरावली. जन्मभर शाळेची बस चालवून काकांचं पोट स्टिअरिंगला टेकेल इतकं वाढलेलं, खांदे उतरते, मान आखूड. काकूंचे डोळे चमकले.

“अहो, टेबलावर चढा.”

“मी?”

“चढा म्हणते ना! आणि ओणवे व्हा.”

काकांचा एक गुण होता. बायकोने सांगितलेलं आधी करायचे, का ते मागून विचारायचे. ते चढले, गुडघे टेकून ओणवे झाले आणि चष्मा सावरत समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. काकूंनी टेप लावली. मानेचा घेर, पाठीची लांबी, पोटाचा घेर.

“पोट आत ओढू नका.”

“मी कुठे ओढतोय?”

“ओढताय! अस्वल कधी पोट आत ओढतं का? सोडा खाली!”

काकांनी सोडलं. टेप कमी पडली. नेमके त्याच वेळी कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर आपल्या दवाखान्यातल्या खुर्च्यांच्या खोळी न्यायला आत आले. टेबलावर ओणवे काका आणि त्यांच्या पोटाखालून अर्ध्या वाकून गेलेल्या काकू बघून ते दारातच थबकले.

“काय त्रास होतोय काकांना?” त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

“त्रास कसला? अस्वल होतंय,” काकू पोटाखालून म्हणाल्या. “तुमच्या खोळी त्या स्टुलावर आहेत.”

डॉक्टरांनी घाईघाईने खोळी काखोटीला मारल्या आणि काकांना “या एकदा तपासायला,” एवढं म्हणून ते निघून गेले. त्याच क्षणी बाहेरच्या खोलीतून ‘फुस्स’ असा आवाज आला. दाबून धरलेलं हसू नाकातून सुटलं की येतो, तसा. काकूंनी वाकून पाहिलं. गोटी बॅगेवरच बसलेली होती, पण बॅग दारापासून सरकून खोलीच्या उंबऱ्याशी आली होती.

काकू मोठ्या शहाण्या, अशा वेळी तोंड बंद ठेवायचं त्यांना कळायचं. रोज शाळा सुटली की गोटी उंबऱ्याशी येऊन बसायची आणि रोज बॅग थोडी थोडी आत यायची. काकू मशीनवर बसून आपल्याशीच बोलल्यासारखं बोलायच्या. “आता याला कान लावू. कान कसे असतात बरं अस्वलाला?”

“गोल,” मागून आवाज यायचा.

“आणि डोळे? बटणं लावू का काळी?”

“बटणं निघतात.”

“खरंच की गं! मग काळ्या कापडाचेच शिवू.”

आता हातालाच सोफ्यांचं वळण लागलेलं, त्याला अस्वल तरी काय करणार? प्रत्येक शिवणीला मगजीची जाड किनार लावली. पाय सोफ्याच्या हातांसारखे चौकोनी झाले. एक डोळा जरा वर गेला, त्यामुळे अस्वल काहीतरी विसरल्याचा भास होत होता. आणि पोट तर हुबेहूब काकांचं. सूनबाई कामावरून आल्या, त्यांनी ते रिकामं लाल कातडं टेबलावर पाहिलं आणि म्हणाल्या, “आई, हे बाबांसारखं दिसतंय का, की मलाच वाटतंय?” काका आरशासमोर जाऊन आले आणि पोट आत ओढून चहा प्यायला बसले.

शेवटी पोटाच्या खालच्या अंगाला काकूंनी लांबलचक चेन लावली. नियम म्हणजे नियम.

भरायला काकांनी थर्माकोलच्या बारीक मण्यांचं एक भलंमोठं पोतं आणलं. ते देणाऱ्याने काहीतरी सांगितलं होतं, ते त्यांना घरी आल्यावर आठवलं. “अगं, तो म्हणाला, आत आधी एक साधी पिशवी शिवतात. मणी तिच्यात भरून तोंड कायमचं शिवून टाकायचं, आणि मग वरून हे.”

“आतलं काय ते गिऱ्हाईक आणतं. मी खोळ शिवते,” काकू म्हणाल्या. “मला शिकवू नका.”

पंखा बंद करून, खिडक्या लावून, पुठ्ठ्याचं नरसाळं करून दोघांनी चेनच्या तोंडातून मणी थेट अस्वलात ओतले. ते मणी म्हणजे महाबिलंदर. काकांच्या मिशीत बसले, काकूंच्या भुवयांवर बसले, झटकले तर हाताला चिकटले. पण अस्वल भरलं! चेन लागली आणि ते लाल धूड पोट पुढे काढून असं ऐसपैस बसलं, की काकूंनी आनंदाने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

रविवारी सकाळी सगळे घरी होते. बाहेरच्या खोलीच्या मधोमध अस्वल ठेवलं. मुलगा म्हणाला, “आई, तू कमाल आहेस.” सूनबाईंनी हात जोडले ते नुसतेच जोडून ठेवले, कारण त्यांचं लक्ष सगळं लेकीकडे होतं. उकडत होतं म्हणून मुलाने पंखा पाचवर केला.

“हं,” काकू म्हणाल्या. “शब्द दिला होता कुणीतरी.”

गोटी उठली. बॅगेवरून खरंच उठली!  गोटी अस्वलाभोवती एक फेरी मारून आली, त्याच्या कानाला हात लावला, पोटात बोट खुपसलं. बोट आत गेलं आणि आतून चुर्रर्र असा आवाज आला. तिचे डोळे मोठे झाले. मग तिला खालची चेन दिसली.

“हे काय आहे?”

आता इथे जर काका बोलले असते तर सगळं निभावलं असतं. पण गिऱ्हाइकाने चेनबद्दल विचारलं होतं, आणि काकूंच्या चेहऱ्यावर ते तेज आलंसुद्धा. “ही ना? ही फार महत्त्वाची,” त्या अस्वलापुढे गुडघे टेकत म्हणाल्या. “मळलं की धुवायला काढायचं. हे बघ, चेन अशी धरायची...”

“अगं, नको!” काका ओरडले.

“...सर्रकन ओढायची, अशी निघाली खोळ!”

आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! चेन उघडली आणि अस्वलाचं सगळं पोट भळभळून बाहेर आलं. मण्यांचा पांढरा लोट काकूंच्या मांडीवरून जमिनीवर, जमिनीवरून पंख्याच्या वाऱ्यात, आणि मग काय विचारता! छतापासून फरशीपर्यंत नुसते मणी. टीव्हीवर मणी, सोफ्यावर मणी, सूनबाईंच्या केसांत मणी. मुलगा पंखा बंद करायला धावला तो घसरून थेट सोफ्याखाली गेला. काका तोंड उघडून ओरडत होते, त्यांच्या तोंडात मणी गेले आणि ते थू थू करत नाचायला लागले. अस्वलाचं तर रिकामं कातडं झालं. काकू हातात ते घेऊन तशाच गुडघ्यांवर, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या.

 काकूंना रडूच फुटायच्या बेतात होतं. इतक्या दिवसांची मेहनत, पोरगी एवढी उठून आली, आणि आपणच आपल्या हाताने माती केली! आता ही जाऊन बॅगेवर बसणार ती कायमची.

मग हसू ऐकू आलं. आधी तेच नाकातलं ‘फुस्स’, मग खळखळून, मग पोट धरून. गोटी हसत होती. इतकी हसत होती, की तिला उभं राहवेना, ती मण्यांत बसली, बसल्यावर मणी उडाले म्हणून आणखी हसली. “आजोबांच्या मिशीला बघा! मिशीला!” ती ओरडली, आणि सोफ्याखालून मुलाचंही हसणं ऐकू यायला लागलं. सूनबाईंनी आपल्या लेकीला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याही भिंतीला टेकून खाली बसल्या. हसता हसता सगळ्यांची पुरेवाट झाली.

“अगं पण आता हे भरायचं कशात?” काकूंनी डोळे पुसत विचारलं.

केरसुणी लावली तर मणी पुढे पळत. बादलीत भरले तर काठावरून बाहेर. पिशवी हवी होती, मोठी, तोंड बंद होणारी. आणि हे काकूंच्या घरात, जिथे खोळींचं राज्य! पण प्रत्येक खोळीत कुणी ना कुणी आधीच बसलेलं. उशीची काढावी तर उशी उघडी पडणार, गादीची काढावी तर ती पडेल दारातून बाहेर एवढी मोठी. काका घरभर शोधून आले. “तुझ्या हातची एकही खोळ रिकामी नाही गं,” ते म्हणाले. “धन्य आहे तुझी.”

गोटीने हसणं थांबवलं. आजूबाजूला पाहिलं. मग ती उठली, मणी तुडवत आपल्या निळ्या बॅगेपाशी गेली, बॅग ओढत खोलीच्या मधोमध आणली आणि तिची चेन उघडली. सूनबाई काहीतरी बोलणार होत्या. काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला.

गोटीने बॅग उलटी केली आणि झटकली. फ्रॉक पडले, मोजे पडले, एक स्वेटर, दात घासायचा ब्रश, खडूंचा डबा, चपट्या झालेल्या केकाचा कागद. सगळं मण्यांत पडलं.

“यात भर, आजी,” ती म्हणाली. “ही मोठी आहे. चेन पण आहे.”

 काकूंनी मण्यांची ओंजळ भरली आणि बॅगेत टाकली. मग सगळेच बसले. गोटी हुकूम सोडत होती, “तिकडे, बाबांच्या कानात बघा!” आणि मुलगा, ज्याला तिने आजवर बाबा म्हटलंच नव्हतं, कान पुढे करून निमूटपणे बसला होता. बॅग टम्म फुगली. काकूंनी ती अस्वलाच्या पोटात घातली आणि चेन लावली. अगदी मापात बसली. आता कुठे त्या खोळीला आत कुणीतरी मिळालं.

गोटी अस्वलावर जाऊन धपकन बसली. अस्वलाने तिला पोटात ओढून घेतलं. तिने पाय हलवून पाहिले, मान मागे टाकून पाहिली. मग तिची नजर फरशीवरच्या ढिगाकडे गेली.

“आजी, पण आता माझे कपडे कुठे ठेवायचे?”

“कुठे म्हणजे? अगं, कुठे म्हणजे काय!” काकू उठल्या त्या धडपडत, घसरत, मणी उडवत कपाटापाशी पोचल्या. दार उघडलं आणि मधला कप्पा दोन्ही हातांनी बाहेर उपसला. शर्ट, पायजमे, बनियन, सगळं धडाधड जमिनीवर.

“अगं, ते माझे आहेत!” काका म्हणाले.

“असू देत!”

गोटी अस्वलावरून उतरली. एकेक फ्रॉक उचलून, झटकून, तिने तो कप्प्यात ठेवला. मोजे ठेवले. स्वेटर ठेवला, तो बसेना, म्हणून दाबला. तरी बाहेर आला. तिने मागे वळून काकूंकडे पाहिलं.

“आजी,” ती म्हणाली, “अजून एक कप्पा लागेल.”

काकांनी कपाळाला हात लावला, आणि काकूंनी खालचा कप्पाही उपसायला घेतला.